तिवडा

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी सगळ्यांत उंच होतो, आणि पहिली दोन वर्षं संघाचा खेळ म्हणजे माझा खेळ होता. चेंडू कुणाच्याही हातात येवो, शेवटी तो माझ्याकडेच यायचा. मी गुडघे थोडे वाकवायचो, दोन्ही हातांनी चेंडू छातीपासून उचलायचो आणि रिंगकडे सोडायचो. बऱ्याचदा तो आत पडायचा. सामना आम्ही बहुधा हरायचो, पण आमच्या गुणांत निम्म्याहून जास्त माझे असायचे. आम्ही हरायचो आणि मी गाजायचो. या व्यवस्थेत काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. पुढे मी जे काही केलं ते हे स्थान सुटू नये म्हणून केलं, एवढं आधीच सांगून ठेवतो.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कोल्हापुरात खेळ म्हणजे कुस्ती. बाकी सगळा पोरखेळ. आमच्या खेळाला लोक ‘टोपलीचा खेळ’ म्हणायचे. मद्रासला शिकून आलेल्या ड्रिल मास्तरांनी तो कॉलेजात आणला होता. मैदान मातीचं, दोन्ही टोकांना लाकडी खांबांवर फळ्या ठोकलेल्या. संघातले दोघे तालमीत मेहनत करणारे होते. त्यांचे खांदे दाराच्या चौकटीत मावायचे नाहीत, पण चेंडू रिंगला लावणं त्यांना जमत नसे, आणि समोरचा जवळून पळाला की त्यांचे हात आपोआप त्याच्या कमरेला जात. पंचाची शिट्टी वाजायची. अर्धा सामना होईतो दोघेही फाउल होऊन बाहेर. तिसरा कसबा बावड्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. पळायला लागला की थांबायचं विसरायचा. आणि चौथा माझा मित्र.

मित्र पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावचा. अंगाने बारीक, उंचीने माझ्या खांद्याला. कोल्हापुरात एक खोली घेऊन राहायचा आणि रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्याचा नेम माझ्यापेक्षा पुष्कळ कच्चा होता. मैत्री टिकायला या गोष्टीची मदत होत होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मिरजेच्या एका संघाने आम्हाला आमच्याच मैदानावर झोडपलं, त्या संध्याकाळी आम्ही रिंगखाली धुळीत बसलो होतो. त्या दिवशीही निम्मे गुण माझेच होते. कुणीतरी तसं म्हणावं म्हणून मी वाट बघत होतो. मित्र मात्र काटकीने मातीत रेघा ओढत होता.

“आपल्याकडं जे न्हाय त्येच्यावर आपण खेळतोय,” तो म्हणाला. “जे हाय त्येच्यावर खेळूया की.”

“काय हाय आपल्याकडं? घंटा?” तालमीतला एक म्हणाला.

“तू हाईस की, मर्दा. तू नुसता वाटंत उभा ऱ्हायलास तर तुला कोन हलवनार हाय? एस्टी आणावी लागंल.”

सगळे हसले. मग त्याने एकेकाचं सांगितलं. तालमीतल्या दोघांनी धरायचं नाही, नुसतं पवित्रा घेऊन आडवं उभं राहायचं. त्यांच्या आडोशाने बाकीच्यांनी निसटायचं. बावड्याच्या गड्याने पळायचं, आणि पळतच राहायचं. “दम हाय आपल्याकडं. शेहरातली पोरं धा मिंटांनी धापा टाकत्यात. मग आपण त्यांला उभंच ऱ्हाऊ द्यायचं न्हाय.”

“आणि मी?” मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी ऐट होती, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

त्याने मातीत, रिंगच्या जरा अलीकडे, काटकी उभी रोवली. “तू तिवडा.”

बावड्याचा गडी मांडीवर थाप मारून हसला. तालमीतले दोघेही हसले. सगळ्यांना एकदम समजलं होतं, आणि मला समजलं नव्हतं. मी शहरातला, कोर्टातल्या कारकुनाचा मुलगा. मीही हसलो.

घरी येऊन आईला विचारलं. तिचं माहेर भुदरगडाकडचं. ती थालीपीठ थापत होती, हात न थांबवता म्हणाली, “अरे, खळ्याच्या मधोमध खांब पुरतात ना, तो. त्याला बैलांची ओळ, म्हणजे पात, जुंपतात आणि मळणीला त्याच्याभोवती फिरवतात.”

“आणि तो काय करतो?”

“तो काय करणार? उभा राहतो.” मग थालीपीठ तव्यावर टाकत म्हणाली, “पण तो हलता असला तर मळणी होत नाही हो.”

दुसरं वाक्य माझ्या कानांत शिरलंच नाही. रात्रभर पहिलंच वाजत राहिलं.

खेळ असा होता: मी रिंगकडे पाठ करून, रिंगसमोरच्या रेघेच्या जरा बाहेर उभा राहायचो. चेंडू माझ्याकडे यायचा. मी तो डोक्यावर धरायचो, तिथपर्यंत कुणाचा हात पोचत नसे. आणि बाकीचे माझ्या दोन्ही अंगांनी, अगदी माझ्या खांद्याला घासून, रिंगकडे धावायचे. माझ्या अंगावर आदळून त्यांच्यामागचा माणूस अडकायचा. जो मोकळा सुटेल त्याच्या हातात मी चेंडू ठेवायचा. नुसता ठेवायचा. रिंग इतकी जवळ असे की नेम नसलेल्यालाही टोपली चुकत नसे. मित्र पळता पळता “हो, हो, हो!” असं बैलांना म्हणतात तसं ओरडायचा, आणि पात उलटी फिरायची, डावीकडून धावणारे उजवीकडून.

तालमीतल्या दोघांच्या हातांचं औषध त्याने मंडईतून आणलं. सरावाला उभं राहिलं की दोघांच्या दोन्ही मुठींत एकेक लिंबू द्यायचं. लिंबू खाली पडता कामा नये. मूठ मिटलेली असली की माणसाला दुसऱ्याची कंबर धरता येत नाही.

“दिष्ट लागंल म्हनून लिंबू दिल्यात काय रं? मिरची पन बांध की!” तालमीतला एक म्हणाला.

“दिष्ट तुला न्हाय लागत. तुला बघून दिष्टीलाच ताप येतोय.”

दोनच आठवड्यांत त्यांच्या मुठी लिंबांशिवायही मिटलेल्या राहू लागल्या. मास्तर सायकल धरून कडेला उभे राहून हे बघायचे. “पुस्तकात असं काही नाही,” म्हणायचे, पण थांबवायचे नाहीत. एक दिवस त्यांनी मला बाजूला बोलावलं. कॅप्टन मित्राला करावं असं त्यांच्या मनात होतं. खरं म्हणजे त्या वर्षी मी व्हायचो. “तुझं काय मत?” त्यांनी विचारलं.

“उत्तम होईल, सर,” मी म्हणालो. “मीच सुचवणार होतो.”

इतकं सफाईदार खोटं मी त्यानंतर कोर्टकचेरीतही ऐकलेलं नाही.

आम्ही जिंकू लागलो. इचलकरंजीला जिंकलो, सांगलीला जिंकलो, मिरजेला जाऊन त्याच संघाला हरवून आलो. बावड्याचा गडी गुण करायचा, तालमीतले दोघे गुण करायचे, आणि ज्याचा नेम माझ्यापुढे काहीच नव्हता तो माझा मित्रही करायचा. चेंडू प्रत्येक वेळी माझ्या हातातून गेलेला असायचा, पण गुण लिहिणाऱ्याच्या वहीत हातातून गेलेल्याची नोंद नसते. सामना संपला की पोरं मित्राभोवती गोळा व्हायची. तो सगळ्यांची टर उडवायचा, माझीही, आणि माझ्या पाठीवर थाप मारायचा. ती थाप मला कपड्यांवर सांडलेल्या आमटीसारखी वाटायची. सगळ्यांसमोर पुसता येत नाही आणि विसरताही येत नाही.

रविवारी तो जेवायला यायचा तेव्हा मी त्याच्या ताटाकडे बघू लागलो. आईने त्याच्या थालीपिठावर लोण्याचा गोळा मोठा ठेवला का? ती त्याला “घे रे, संकोच करू नको” म्हणते. मला तसं कधी म्हणाली होती? मी घरचा, मला कशाला म्हणेल, हे कळत होतं. तरी बघायचो. तो गेल्यावर आई म्हणायची, “किती गुणी मुलगा आहे.” मी म्हणायचो, “हो, आहे.” आणि आत जाऊन उगाच पुस्तकं आपटायचो.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट वेगळीच होती. मी आयुष्यात इतका चांगला कधी खेळलो नव्हतो. मान न वळवता कोण कुठून येतंय ते मला पावलांच्या आवाजावरून कळू लागलं होतं. तालमीतल्यांची पावलं जड, बावड्याच्या गड्याची चटचट, मित्राची जवळजवळ नाहीतच. तो आला हे त्याच्या श्वासावरून कळायचं. कधी कधी माझ्या हातून चेंडू सुटायचा आणि तो कुणाला दिला हे मला नंतर समजायचं. एवढा आनंद मला नेम साधण्यातही झाला नव्हता. आणि तो आनंद त्याने दिलेला होता, त्याला सुचलेला होता. माझ्यातलं चांगलं काय ते माझ्याआधी त्याला दिसलं, हे मला सहन होत नव्हतं. त्याने माझं काही हिसकावून घेतलं असतं तर मी भांडलो असतो. त्याने दिलं होतं. देणाऱ्याशी काय भांडणार?

संघातल्या त्या दोघांमुळे तालमीतली मंडळी सामने बघायला येऊ लागली होती. त्यांचे वस्तादही एकदा आले. फेटा, मिशा, हातात काठी. आम्ही जिंकलो होतो. वस्तादांनी मित्राला जवळ बोलावलं. “पोरा, ह्यात जिंकलं कोन?”

“आपला संघ, वस्ताद.”

“ते बघितलं की मी. गडी कोन? कुनी कुनाला पाडलं?”

“पाची जनांनी मिळून, वस्ताद.”

“म्हंजी कुनीच न्हाय,” वस्ताद म्हणाले आणि निराश होऊन निघून गेले.

मित्र पोट धरून हसला. दोन दिवस तो वस्तादांची नक्कल करत होता. मीही हसलो, पण माझ्या मनात आलं, इतक्या दिवसांत एका तरी माणसाने बरोबर प्रश्न विचारला. आमचं गाव जोडी बघणारं. दोन मल्ल, एक वर, एक खाली, आणि वरच्याच्या डोक्याला फेटा. पाच जणांनी वाटून घेतलेली जीत कुठे ठेवायची ते या गावाला ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षीचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर, पुण्याच्या एका संघाशी झाला. माणसं झाडांवर चढली होती. पुण्याची पोरं तयारीची होती. त्यांनी आमची पात ओळखली आणि माझ्याभोवती दोघं दोघं उभी केली. तरीही आम्ही टिकून होतो. मास्तरांनी घड्याळाकडे बघून वेळ संपत आल्याची खूण केली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू माझ्याकडे आला. मी तो डोक्यावर धरला. डावीकडून बावड्याचा गडी गेला, त्याच्यामागे माझ्या अंगावरचे दोघेही ओढले गेले. आणि उजव्या खांद्यामागे मला तो श्वास ऐकू आला.

मित्र मोकळा होता. रिंगखाली, एकटा. “दे!” तो म्हणाला. ओरडलाही नाही, मी देणारच हे त्याला माहीत होतं.

मी वळलो आणि चेंडू रिंगकडे सोडला.

तो कड्याला लागला, वर उडाला, पुन्हा कड्याला लागला आणि आत पडला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. माणसं मैदानात घुसली. मी कुणाच्या तरी खांद्यावर होतो. हलगी कुठून आली कुणास ठाऊक. वस्ताद गर्दीतून वाट काढत आले, त्यांनी मला खाली उतरवून घेतलं आणि एक कोरा फेटा माझ्या डोक्याला बांधला. “ह्यो गडी!” ते गर्दीला म्हणाले. “आत्ता कळला खेळ!” फेटा बांधला जात असताना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मित्राला शोधत होतो. तो टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता. मी नीट बघितलं, त्यात काही खोट दिसते का म्हणून. दिसली नाही.

संध्याकाळी आम्ही रंकाळ्यावर गेलो, दोघेच. भेळ घेतली. त्याने दोन घास खाल्ले. मग म्हणाला, “मी मोकळा हुतो.”

“दिसला नाहीस,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला आणि आपल्या कागदातले शेंगदाणे निवडून माझ्या कागदात टाकले. मला शेंगदाणे आवडायचे.

चेंडू चुकला असता तर मी आयुष्यभर पस्तावलो असतो आणि कदाचित सुधारलोही असतो. पण तो पडला. मत्सराला फळ आलं, आणि गावाने त्याला फेटा बांधला. गैर काय झालं हे मी कुणाला सांगणार होतो? जिंकलेल्या माणसाचं गाऱ्हाणं कोण ऐकतं?

पुढच्या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा खेळ तोच होता, पण पोरांचं वागणं बदललं होतं. माझ्या अंगावरून पळायचं सोडून ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची. तालमीतल्या एकाला मित्राने विचारलं, “पळत का न्हाईस रं?”

“पळून काय करायचं? ह्यो हाणतोय की. त्या दिशी हाणली न्हवं? हाण गड्या, तूच हाण.”

मी म्हणू शकलो असतो की तू पळ, मी देतो. एवढंच म्हणायचं होतं. मी चेंडू हातात फिरवत उभा राहिलो.

चार-सहा दिवस हे बघून मित्राने एक दिवस सराव थांबवला. पुन्हा आम्ही तसेच धुळीत बसलो. या वेळी त्याने काटकी घेतली नाही.

“माझं चुकलं हुतं असं न्हाय,” तो म्हणाला, “पन आता ते चालनार न्हाय. पोरांचा भरवसा जिथं हाय तिथनंच खेळ बांधाय पायजे. भरवसा ह्येच्यावर हाय.” त्याने माझ्याकडे बोट केलं. “म्हंजे आता आपल्याकडं हे हाय. मग ह्येच्यावरच खेळायचं. मी सरांला सांगितलंय, कॅप्टन तू हो.”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. ज्या हिशेबाने त्याने मला खांब केलं होतं, त्याच हिशेबाने तो मला आता धनी करत होता. मी वर्षभर ज्याच्यासाठी जळत होतो ते त्याने मैदानावरची धूळ झटकावी तसं झटकून माझ्यापुढे ठेवलं. मी ते घेतलं. “ठीक आहे,” म्हणालो. आणि त्याच क्षणी मला त्याच्या देण्याचाही हेवा वाटला. माझ्याकडे द्यायला असं काहीच नव्हतं.

पहिला सामना बेळगावला होता. सगळे चेंडू माझ्याकडे आले. मी पुष्कळ गुण केले, किती ते मोजलेही होते, पण ते आता लिहीत नाही. आम्ही सपाटून हरलो. तालमीतले दोघे अर्ध्यातच फाउल होऊन बाहेर गेले. नुसतं उभं राहून कंटाळा आला की त्यांचे हात पुन्हा दुसऱ्याच्या कमरेला जाऊ लागले होते.

परतताना सर्व्हिस मोटारीत कॅप्टन म्हणून मला पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा दिली. तालमीतला एक मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू हुतास म्हनून अब्रू ऱ्हायली, मर्दा.” मी मान हलवली. हे वाक्य ऐकायची मला किती भूक होती! ते पोटात गेलं आणि भूक तशीच राहिली.

मागच्या बाकावर मित्र आणि बावड्याचा गडी बसले होते. मित्र हवेत हातांनी काहीतरी दाखवत होता, काहीतरी इकडून तिकडे सरकवल्यासारखं, आणि गडी खदाखदा हसत होता. मोटारीच्या घरघरीत शब्द कळत नव्हते. मी मान वळवून बघितलं. पुन्हा वळवून बघितलं. निपाणी मागे पडली तरी त्यांचं चाललेलंच होतं. शेवटी मी उठलो, दांडीला धरत धरत मागे गेलो.

“काय चाललंय रे एवढं?”

“काय न्हाय रं,” मित्र डोळे पुसत म्हणाला. “आमची म्हस व्यालीय. रेडकू उलटं आलतं, आमच्या आज्ज्यानं कसं वडलं ते सांगत हुतो.”

गडी पुन्हा हसायला लागला. मी माझ्या जागेवर येऊन बसलो. मला ते खरं वाटलं नाही. ती दोघं खेळाबद्दलच बोलत होती, माझ्याशिवाय काहीतरी नवं बांधत होती, असं मी कोल्हापूर येईपर्यंत धरून बसलो होतो. आज मला मुलं आहेत, पाठ दुखते, आणि मित्राची पत्रं दिवाळीला येतात. तरीही ते म्हशीचंच बोलणं होतं यावर माझा पुरता विश्वास बसलेला नाही.